निवल्यावरचा रंग

भिंगांना शेवटची चकाकी आणणारी पूड आमच्या कारखान्यात फक्त आत्या करायची. लोखंडी कढईत कथील वितळवायचं, वर धरणारी राखेची साय उलथन्यानं बाजूला सारत राहायचं, मग ती राख भट्टीत तासन्‌तास भाजायची. तापलेली असताना ती पिवळी दिसते, निवली की पांढरीशुभ्र होते. करडी राहिली तर आत कच्चं कथील आहे, आणि त्याचा एक कणसुद्धा भिंगावर ओरखडा पाडतो. निवल्याशिवाय रंग बघू नये, हे तिच्याकडून ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्या दिवशी बाबांनी तीन महिने घासलेलं मोठं भिंग चकाकीला आलं होतं. एक ओरखडा, की सगळं मुसळ केरात. आत्या वाडग्यावर वाकून बसली होती.

"अजून पिवळीच आहे, दादा. थांब जरा."

तासाभरानं पुन्हा तेच. माझा संयम सुटला. मी तरातरा गेले आणि वाडग्यात बोट घातलं. पूड गार होती, आणि दुधासारखी पांढरी.

मोतीबिंदू वाढला की पांढरंही पिवळट दिसतं, हे भिंगं करणाऱ्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. बाबांनी भिंगावर फडकं टाकलं. आत्याला तेवढ्यावरून सगळं कळलं. मला बाबांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त, कारण तिच्या पुडीवर आता माझाही भरवसा उरला नव्हता.

आत्यानं काचेचा तुकडा घेतला, त्यावर चिमूटभर पूड टाकली, अंगठ्यानं घासली आणि कान जवळ नेला. कच आहे, म्हणाली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं सगळी पूड पाण्यात ढवळली, जड गाळ खाली बसू दिला आणि वरचं दुधट पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं. तळाशी मोहरीहून बारीक, करडा कण निघाला. बाबांनी तो बोटावर घेऊन बराच वेळ पाहिला. मग भिंगावरचं फडकं काढलं.

पांढरा साका बसल्यावर आत्यानं वरचं पाणी काढलं आणि भांडं माझ्यापुढे धरलं. इतक्या वर्षांत हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"रंग सांग."

"पांढरा," मी म्हणाले.

"मग दे दादाला. आणि उद्यापासून लवकर येत जा."