माझ्या घराला सही न देणारा मच्छिंद्र

मच्छिंद्र गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या होस्टेलच्या मुली डोळे मिटून जिना उतरत होत्या. वाचणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल, पण आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता हे होतं. मी खाली हातात घड्याळ धरून उभी असते आणि मुली भिंतीला हात लावून, आपापला नंबर ओरडत बाहेर येतात. ही सवय ज्याने लावली, त्याच्याच मरणाची बातमी नेमकी त्या वेळेला यावी… रेक्टर सुमनताई कानाचा मोबाईल तसाच धरून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, मच्छिंद्रसाहेब गेले. गावी गेले होते. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत." निम्म्या पोरी अजून जिन्यात होत्या. मी म्हटलं, "आधी सगळ्या खाली येऊ द्या." सव्विसावी मुलगी उतरली आणि मग मी शेवटच्या पायरीवर जी बसले, ती अंधार पडेपर्यंत. पन्नाशी नुकतीच ओलांडलेला माणूस, आणि माझा विद्यार्थी. ज्याच्या वह्या तपासल्या त्याच्या फोटोला हार घालायची वेळ कुणा शिक्षकावर येऊ नये. त्याला आता महिना होऊन गेला.

मी नगरला एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. मच्छिंद्र पाथर्डीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. आईबाप दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर ऊस तोडायला जायचे आणि पोरगं नगरच्या बोर्डिंगात. गणितात तो पासापुरता, खोटं कशाला सांगू. प्रमेय पाठ होत नसे, पण शाळेच्या जिन्याला पायऱ्या किती, पाण्याच्या टाकीपासून वर्गापर्यंत पावलं किती, हे त्याला विचारावं. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "अरे, या मोजण्याचे मार्क नाहीत." तो नुसता हसला. पुढे तो अग्निशमन दलात लागला, हळूहळू साहेब झाला, इमारती तपासायला लागला. पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि मनात म्हटलं, चला, पोरगं मार्गाला लागलं. याच पोराशी आपलं दोन वर्षं बोलणं बंद होणार आहे, हे कुठे माहीत होतं.

झालं असं की हे गेले, मुलगा परदेशात, आणि तीन मजली घरात मी एकटी. पाथर्डी-शेवगावकडच्या मुली शिकायला नगरला येतात, त्यांना राहायला जागा मिळत नाही. मी वरचे दोन मजले मुलींना दिले. खोल्या कमी पडल्या म्हणून मध्ये प्लायवूडच्या भिंती घातल्या, गॅलऱ्या जाळीने बंद केल्या आणि जिन्याच्या तळाला लोखंडी दार बसवून घेतलं. त्या दाराला हे एवढं कुलूप. कारण मुलींना सोडायला येणारे आईबाप दुसरं काही मागतच नव्हते. जेवण कसं, फी किती, हे सगळं नंतर. आधी म्हणायचे, "बाई, आमी सहा म्हैने तिकडं उसात. पोरगी तुमच्या पदरात हाय. दाराला कुलूप लावा म्हंजे आमाला झोप लागंल." मी कुलूप त्यांच्या हातात देऊन दाखवायची. किती जड आहे बघा म्हणायची. माझ्या होस्टेलचं नाव त्या कुलपावर चाललं होतं म्हणा ना.

आणि मग एक दिवस मच्छिंद्र तपासणीला आला. घराचं होस्टेल केलं तर अग्निशमनचा दाखला लागतो, तो मी काढलेला नव्हता. आपला विद्यार्थी साहेब आहे, बसल्या जागी सही करील, असं मी धरून चालले होते. शिरा केला होता. भिंतीवरचे दोन लाल सिलिंडर मोठ्या दिमाखात दाखवले. तो म्हणाला, "चालवून दाखवा बरं, बाई." मला पिन कुठे असते तेही माहीत नव्हतं. शिऱ्याला त्याने हात लावला नाही. वर गेला, प्लायवूडवर बोटाने टकटक केली, एकाच बोर्डाला लावलेल्या चार शेगड्या बघितल्या, आणि माझ्यासमोर रुमाल धरून म्हणाला, "बाई, डोळे बांधा आन् खाली उतरून दाखवा. घर तुमचंच हाय."

मी तावातावाने डोळे बांधले. पंचवीस वर्षं ज्या घरात वावरले तिथे पाचव्या पावलाला चपलांच्या मांडणीवर आपटले. मग कपाट. मग वळणावर पायरी चुकली, तो मागून हात धरायला आला, मी झिडकारला. कशीबशी तळाला पोहोचले आणि दार चाचपते तर कुलूप. किल्ली सुमनताईंच्या कमरेला आणि सुमनताई भाजी आणायला गेलेल्या. मी रुमाल काढला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की लाजेचं सांगता येणार नाही. तो शांतपणे म्हणाला, "बाई, ह्ये घर बांधलं तवा यात चार मानसं हुती. आता सव्वीस पोरी हायत. जिना त्योच हाय." मी म्हटलं, "मच्छिंद्र, तुला मी शिकवलंय." तो म्हणाला, "व्हय. म्हनून तर." आणि नोटीस लिहायला बसला. बाहेरून दुसरा जिना, प्लायवूड काढायचं, वायरिंग नवं, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. तोवर नव्या मुली घ्यायच्या नाहीत.

मी त्याला काय काय बोलले ते आता लिहवत नाही. नोटिशीतलं सगळं केलं, पण त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याने काय केलं असेल? दर दोन महिन्यांनी यायचा, मी तोंड फिरवून बसायची, आणि तो "बाई, येतो," म्हणून गुपचूप बघून जायचा. एकदाच, जाता जाता दारात थांबून म्हणाला, "बाई, मी नवीन हुतो तवा आसंच एक घर हुतं. घराचं लॉज केल्यालं. किल्ली खिळ्याला टांगल्याली हुती… दाराच्या भायेरच्या अंगाला." पुढचं मी विचारलं नाही. आता वाटतं, त्याच्या सगळ्या नोटिसांच्या मागे तो एक खिळा असणार.

आणि तरीही मी काय केलं असेल, तर तेच कुलूप उचलून नव्या जिन्याच्या दाराला लावलं. दोष कुणाला देऊ? आईबापांना काय सांगायचं, ही माझी खरी धास्ती. त्याने ते पाहिलं. विचारलं फक्त, "दसऱ्यानंतर पोरी सोडाया कवा येत्यात?" त्या दिवशी तो साध्या कपड्यांत आला आणि माझ्या ओसरीवर, आलेल्या मंडळींत मांडी घालून बसला. राधा नावाच्या मुलीचे वडील कुलपाचं विचारत होते. मच्छिंद्रने त्यांना आधी टोळी कुणाची, कारखाना कोणता, असं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "मामा, मी बी कोपीतच वाढलोय. कोपीला आग लागली तर पोरं कुठून काढता?" ते म्हणाले, "कुडून बी. पाचट फाडायचं आन् वढायचं भायेर." मच्छिंद्रने माझ्या भिंतीवर हाताचा तळवा ठेवला. म्हणाला, "हितली भित फाटत न्हाई, मामा."

उसाच्या वाळल्या पाल्याच्या खोपटात संसार करणारी ती माणसं, त्यांना आग काय असते हे नियमाच्या पुस्तकातून समजावून सांगायची गरजच नव्हती. ते मला समजावून सांगायला हवं होतं. राधाचे वडील उठले आणि म्हणाले, "बाई, किल्ली द्या." वर जाऊन त्यांनी नव्या जिन्याच्या दाराचं कुलूप काढून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मच्छिंद्रने तिथेच सांगितलं की दार आतून ढकललं की उघडेल, बाहेरून उघडणार नाही आणि उघडलं की रेक्टरच्या खोलीत घंटा वाजेल. मी तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिले, पण एका वाक्यात असा वर्ग गप्प झालेला मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलायला लागले. शनिवारची डोळे मिटून उतरायची कवायत तेव्हाच सुरू झाली. धुरात डोळे उघडे असून उपयोग नसतो, तो म्हणायचा, म्हणून हाताला वाट माहीत पाहिजे. ड्यूटी नसली की तो स्वतः यायचा, दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांच्या मागे उभा राहायचा आणि शेवटी उतरताना ओरडायचा, "सत्तावीस. माघं कुनी न्हाई." मला दर वेळी म्हणायचा, "बाई, तुमी बी उतरा की एकदा." मी गुडघ्यांचं निमित्त सांगायची. खरं म्हणजे तो रुमाल मी विसरले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार, जेवून पोरी झोपलेल्या. मी मागच्या खोलीत आडवी झाले होते आणि घंटा वाजली. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? कोण कार्टी भर दुपारी पळून चालली आहे, हे. पदर खोचून तिला झापायला निघाले, आणि दार उघडलं तर जिन्याच्या बाजूने काळा धूर. सुमनताईंनी विजेची नवी स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला लावली होती, तिच्या बॅटरीने पेट घेतला होता. आतला जिना धुराने भरून गेला होता, हात घातला तर दिसेना. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. अंगणात धावले, आणि बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून पोरी उतरत होत्या. डोळे गच्च मिटलेले, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात, आणि एक, दोन, तीन, चार… अगदी शनिवारी म्हणतात त्याच सुरात. कुणी किंचाळत नव्हती, कुणी ढकलत नव्हती. मी त्यांच्याबरोबर मोजत होते. आयुष्यभर आकडेमोड केली, पण आकड्याची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. चोवीसनंतर एक क्षण गेला. मग पंचवीस. आणि अगदी शेवटी, खोकत, राधा. सव्वीस.

गाडी आली, मच्छिंद्र उडी मारून उतरला. त्याने मला विचारलंच नाही. रांगेत उभ्या पोरींच्या पायांकडे बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला आणि मग म्हणाला, "शाब्बास. चप्पल शोधाया कुनीच थांबली न्हाई." मी बघितलं, बावन्न पाय अनवाणी. तापलेल्या फरशीवर पोरी पाय उचलत होत्या आणि हसत होत्या. तो पाठ वळवून पाइपाकडे गेला तेव्हा बाहीने तोंड पुसत होता. मला तेव्हा जे वाटलं त्याला मी आजही थक्क होणं यापलीकडे शब्द देऊ शकत नाही. या माणसाने ही आग अडीच वर्षं आधी, माझ्या शिव्या खात विझवून ठेवली होती.

आता तरी दाखला देईल, असं मला वाटलं. कसला देतोय. जळकी स्कूटर बाहेर ओढून झाल्यावर माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "बाई, जिन्याखाली वस्तू ठेवायची न्हाई, ह्ये नोटिशीत सातव्या नंबरला हुतं. मोकळं करा, भिती रंगवा, मग सही." पुढच्या महिन्यात सही केली, तीसुद्धा पिन काढून सिलिंडर चालवायला लावून.

त्याच्या शोकसभेला गेले होते. सभा एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर होती, आता त्याचा हॉल केला आहे. आम्ही बसलो होतो आणि मच्छिंद्रच्या हाताखालची पोरं एकेक करून आत येत होती. येणारा प्रत्येक जण आधी फोटोला नमस्कार करायचा आणि मग न बोलता स्टेजच्या मागे जाऊन यायचा. मला कळेना. मग दोघांनी मिळून तिथल्या मागच्या दाराला लावून ठेवलेल्या खुर्च्या उचलल्या, दार ढकलून उघडून पाहिलं, आणि तेव्हा कुठे सगळे खाली बसले. भाषणं बरी झाली. पण माझ्या लेखी त्याची सभा तिथेच झाली होती.

दुसऱ्या मजल्यावर खोल्यांपासून बाहेरच्या जिन्यापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळका पट्टा आहे. दर शनिवारी सव्वीस हात तिथून घासत जातात, त्याचा. दर वर्षी रंगारी तो घालवायला बघतो आणि मी घालवू देत नाही. गेल्या शनिवारी मी घड्याळ सुमनताईंकडे दिलं आणि वर गेले. गुडघे कुरकुरले, कुरकुरू देत. मुली पुढे गेल्या, मी डोळे मिटले आणि हात त्या पट्ट्यावर ठेवला. भिंत तिथे गुळगुळीत झाली आहे, हात आपोआप पुढे सरकतो. दार ढकललं, घंटा वाजली, तोंडावर वारा आला. खाली राधाने "सव्वीस" म्हटलं आणि सगळ्या गप्प झाल्या, तो नसला की तिथे नेहमी होतात तशा. मी कठडा धरून एकेक पायरी उतरले. पाय अंगणाला लागला तेव्हा डोळे न उघडताच म्हटलं, "सत्तावीस. मागं कुणी नाही."