तो पळून जावा, असं मला वाटलं होतं

युद्ध सुरू झालं तेव्हा माझी मुलगी त्या देशाच्या राजधानीत डॉक्टरकीच्या पाचव्या वर्षाला होती. मी अमरावतीला शाळेत शिकवते, नवरा अकोल्याला नोकरीला. पहिल्याच सकाळी तिचा फोन आला, "आई, आमी तळघरात आहो. घाबरू नको."

त्यानंतर मला एका जागी बसवेना. दुपारी अकोल्याची बस धरली. नवऱ्याच्या खोलीवरही जीव लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी परत निघाले. कारण काय, तर तिच्या पासपोर्टची झेरॉक्स घरच्या कपाटात होती. ती कुणी मागितलीही नव्हती.

तिथला राष्ट्राध्यक्ष आता पळून जाईल, असं बातम्यांत सगळेच म्हणत होते. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस थांबली असताना त्याचा व्हिडिओ पाहिला. रस्त्यावर उभा राहून तो आपल्याच मोबाईलवर सांगत होता, की मी इथंच आहे, शहर सोडणार नाही. शेजारचे काका माझ्या फोनात डोकावून म्हणाले, "मर्द माणूस हाय बुवा."

मला मात्र त्याचा संताप आला. हा गेला असता तर शहर एका दिवसात पडलं असतं, तोफा थांबल्या असत्या, माझी पोरगी सुटली असती. पळ ना रे बाबा, असं मी मनात म्हणत होते.

घरी पोचते तोच मुलीचा फोन. आवाजात चक्क उत्साह.

"आई, तो गेला नाई! आमची घरमालकीण कालपासून रडून राहिली होती, आता उठून सगळ्यांसाठी आलू उकडून राहिली. म्हणते, तो जात नाई तं मी काहून जाऊ?"

"तो तिथला आहे, ती तिथली आहे. तू काहून थांबतं? गाड्या सुटून राहिल्या म्हणतात. निघ."

"म्हातारीले एकटं सोडून?"

"हो. सोडून."

तीस वर्षांत वर्गातल्या एकाही पोराला मी असलं काही शिकवलं नव्हतं.

ती निघाली. पूर्ण प्रवास उभ्यानं, मग सीमेपर्यंत बर्फातून पायी. आठवडाभरानं बडनेऱ्याला गाडीतून उतरली तेव्हा तिच्या वडलांना आधी ओळखूच आली नाही.

घरी ती फारसं बोलायची नाही. रोज घरमालकिणीचा निरोप यायचा, 'जिवंत आहे', एवढाच. एका दुपारी मला राहवलं नाही. तो पळून जावा असं मला वाटलं होतं, हे मी तिला सांगून टाकलं. वाटलं, चिडेल.

"मलेही वाटलं होतं," ती म्हणाली. "गाडीत एका पायावर उभी होती तवा. मंग त्या बाईचा मेसेज आला, अन् लाज वाटली."

"अन् आता?"

"आता वाटते, त्यानं अजिबात जाऊ नये. मी इथं सुखरूप आहो ना, म्हून."

उरलेलं शिक्षण पुरं करायला ती पुढं दुसऱ्या देशात गेली. म्हातारी तिथंच आहे. तिचा निरोप हल्ली मलाही येतो. एखाद्या दिवशी तो उशिरा आला, तर पहिल्या तासाला फळ्यावर काय लिहिते आहे, याचं मला भान राहत नाही.