मागावरचे नऊ वार

त्या काळी शहापुरात सकाळ धोट्याच्या आवाजाने उजाडे आणि लुगड्याचा कस विणकराच्या हाताला कळे. आण्णाप्पाचे वडील कापडावरून नुसता तळवा फिरवून वीण कुठे विरळ झाली ते सांगत. ते हात गेले. १९३६ साली विणकर मंडळाने त्यांच्या जागी कागद आणायचे ठरवले. लांबी, पन्हा, इंचाला धागे किती, हे सारे छापील पत्रकात येणार होते; त्याबरहुकूम उतरलेल्या लुगड्यावरच मंडळाचा शिक्का बसणार होता. मसुदा छापण्याजोगा झाला की नाही, हे ठरवणे आण्णाप्पाकडे होते.

तिसरा मसुदा सगळ्यांना पसंत पडला. दसऱ्याचा बाजार महिन्यावर आलेला. अध्यक्ष सुबराव वैतागले.

"आण्णाप्पा, ह्यो कागद हाय का उपवर पोर? किती जणांस्नी दावून परत आणतोस रं?"

"आजून एकीला दावतो."

बैठकीला बसणाऱ्यांना कागदात नसलेलेही ठाऊक असते, अशी त्याला शंका होती. म्हणून तो वडगावच्या यल्लव्वाकडे गेला. ती एकटी माग चालवी. बैठकीला कधी आली नव्हती. त्याने पत्रक दोनदा वाचून दाखवले, त्याबरहुकूम एक लुगडे विणायला सांगितले; वर एक शब्दही समजावला नाही.

बाराव्या दिवशी तिने लुगडे आणले. सुबरावांनी मोजले, तर पावणेनऊ वार.

"चुकलीस गं."

"म्या कशाला चुकू? मागावर मोजलं तवा नऊ भरलं. उतरल्यावर आखडलं. कवा मोजायचं ते कुठं लिवलंय? माजं पाव वार तुमच्या कागदानं खाल्लं बगा!"

तिच्या व्यापाऱ्याचा माणूस मागावरच मोजून जाई. मंडळातले मात्र कापड उतरवून, दिवसभर सैल ठेवून मोजत. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की ती लिहायची असते, हेच कोणाला सुचले नव्हते. पत्रक तसेच छापले असते, तर यल्लव्वासारख्या कितीतरी जणींचे लुगडे शिक्क्याविना परत गेले असते.

"मग घाल एक ओळ आन् धाड छापायला," सुबराव म्हणाले.

"ओळ घालतो. पर ही पुन्यांदा विणंस्तवर सही न्हाय."

दसरा गेला. शिक्क्याविना भरलेला तो शेवटचा बाजार शहापूरला पुढे बरीच वर्षे आठवत राहिला. सुबराव पंधरा दिवस आण्णाप्पाशी बोलले नाहीत.

दुसरे लुगडे दिवसभर सैल पडून राहिले, मग मोजले. नऊ वार, वर दोन बोटे.

"आक्का, काय इचारायचं ऱ्हायलंय?" आण्णाप्पाने विचारले.

"काय न्हाय. समदं हाय की त्यात."

आण्णाप्पाने दौत पुढे ओढली.