उषाताईंचं नाक

आमच्या घरगुती वाइनवाल्यांच्या गटात आम्ही सहा जण होतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी कोणाच्या तरी घरी जमायचं, आपापली बाटली उघडायची आणि एकमेकांच्या चुका काढायच्या. मी, श्रीराम, वीज मंडळातून निवृत्त. समीर आयटीतला, आमच्यात सगळ्यात लहान, म्हणजे चाळिशीचा. आणि उषा मुळ्ये. एकच बाई, पण शेवटचा शब्द त्यांचा.

उषाताईंनी मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राची लॅब चौतीस वर्षं सांभाळली. लग्न केलं नाही. आईला अर्धांगवायू झाला होता, तिचं अकरा वर्षं केलं. आई गेल्यावर सुदामानगरच्या दोन खोल्यांत वेळ जाईना, म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी जांभळाची वाइन घातली. तिथून पोर्टकडे, म्हणजे गोड आणि कडक वाइनकडे, वळल्या. पोर्ट करायला धीर लागतो. रस अर्धा आंबला की त्यात ब्रँडी ओतायची. आंबणं तिथेच थांबतं, फळाचा गोडवा मागे राहतो आणि मग बरणी महिनोन् महिने विसरून जायची.

पण त्यांची खरी विद्या नाकात होती. पेला नाकाशी नेऊन त्या डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "श्रीरामजी, द्राक्षं धुतली नाहीत तुम्ही. पोत्याचा वास येतोय." आणि ते खरं असायचं. बाजारातली कुठली पोर्ट घ्यावी हेही सगळे त्यांनाच विचारायचे. उत्तरही ठरलेलं नसायचं. "ही तुमच्यासाठी नाही. तुम्ही घाईत पिता. ती दुसरी घ्या, चारच्या सुमाराला, शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर." आम्ही तसंच करायचो आणि दर वेळी वाटायचं, अरे यार, हे आपल्याला का नाही सुचलं?

गेल्या वर्षी जानेवारीत त्या गच्चीवर घसरल्या. डोक्याची मागची बाजू आपटली. तीन दिवस हॉस्पिटलात काढून घरी आल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ठणठणीत दिसल्या. पुढच्या बैठकीला आल्याही. फक्त पेला हातात घेऊन आधी आम्हालाच विचारू लागल्या, "तुम्हाला काय वाटतं?" मला वाटलं, माणूस मऊ झालं.

समीरने मार्चमध्ये चोइथराम मंडीतून काळी द्राक्षं आणून पोर्ट घातली होती. सप्टेंबरात तो एकटाच उषाताईंकडे बाटली घेऊन गेला. ऑक्टोबरात त्याच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना स्वतःच्या हातची पोर्ट पाजायची होती.

"काकू, वास थोडा तेज वाटतोय मला," तो म्हणाला.

उषाताईंनी घोट घेतला. खिडकीशी नेऊन रंग बघितला. "ब्रँडी नवी आहे. बसेल. भर बाटल्या."

त्याने अठरा बाटल्या भरल्या. जेवणाच्या दिवशी पहिली उघडली आणि त्याच्या आतेभावाने पेला तोंडाशी नेताच खाली ठेवला. "भिया, ये तो नेलपॉलिश रिमूवर है!" टेबलभर हसू पसरलं. वडिलांनी मुलाचं मन राखायला दोन घोट घेतले, मग हळूच पेला बाजूला सारला. रात्री समीर आणि त्याची बायको प्राची, दोघांनी मिळून सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या.

पुढची बैठक माझ्याच घरी होती. समीर बसलाही नाही.

"काकू, मी तुम्हाला विचारलं होतं. खास विचारलं होतं. ज्या नाकाला पोत्याचा वास येतो त्याला हा नाही आला? हे कसं मानू मी?"

उषाताईंनी पेला खाली ठेवला.

"मागच्या वर्षी सगळे म्हणाले, माझी पोर्ट तुमच्यापेक्षा चांगली झाली. त्याचं वाईट वाटलं का? मुद्दाम केलंत?"

त्या वर बघत म्हणाल्या, "हो. मुद्दाम."

त्यांनी पर्स उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. मी हाक मारली नाही. त्यानंतर त्यांना फोनही कोणी केला नाही. मीसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी त्यांची एक रिकामी बरणी परत द्यायला मी गेलो. दार त्यांनीच उघडलं आणि गॅसचा असा भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरलो. बर्नरची चावी अर्धवट उघडी होती. मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. उषाताई खोलीच्या मधोमध चष्मा हातात धरून उभ्या होत्या. मी येईपर्यंत तिथेच पेपर वाचत बसल्या होत्या.

"उषाताई, वास नाही आला?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. म्हणाल्या, "जानेवारीपासून नाही. डॉक्टर म्हणाले, आला तर येईल. गोड कळतं, आंबट कळतं, ब्रँडी जाळते ते कळतं. बाकी कोरं."

"मग सांगितलं का नाही? आम्ही काय परके?"

"सांगितलं असतं, तर रविवारी मला कशाला बोलावलं असतं तुम्ही?"

"आणि मुद्दाम केलं म्हणालात ते?"

"दुष्ट बाई म्हटलेलं चाललं असतं मला. बिचारी नको होतं."

कोणाला सांगणार नाही असं मी त्यांना वचन दिलं आणि त्याच संध्याकाळी समीरला सांगितलं. मला वाटलं, चांगलंच करतोय.

समीर दुसऱ्या दिवशी गेला, पाया पडला, रडलाही. स्वयंपाकघरात गॅस गळला तर वाजणारं यंत्र बसवून दिलं. डिसेंबरच्या बैठकीला त्यांना गाडीतून घेऊन आला. तोवर गोष्ट सगळ्यांना कळली होती, आणि तिथेच सगळं बिघडलं. आम्ही त्यांना ऐकू येत नसल्यासारखे मोठमोठ्याने प्रत्येक पेल्याचा वास समजावून सांगत होतो. कोणी म्हणालं, "काकू, तुम्ही फक्त आरामात बसा." त्या बसल्या. एकदाही कोणी विचारलं नाही की कुठली चांगली आहे. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी वचन मोडलं होतं, आणि त्यांना जे नको होतं तेच आम्ही सगळ्यांनी मिळून केलं.

जानेवारीत त्यांचा निरोप आला, पाय दुखतात. फेब्रुवारीतही तोच. मग त्यांनी सगळ्या बरण्या समीरकडे पाठवून दिल्या. बैठका अजून होतात, पण चूक ठामपणे सांगणारं कोणी उरलं नाही. सगळे म्हणतात, छान आहे.

परवा दुकानातून एक जुनी मुरवलेली पोर्ट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन पेले काढले. मी ओतली, नाकाशी नेली.

"कसा आहे वास?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं होतं.

"बेदाण्यासारखा," मी म्हणालो. "आणि काहीतरी लाकूड."

"कुठलं लाकूड?"

मी पुन्हा वास घेतला. तिसऱ्यांदा घेतला. मला सांगता येईना. त्या चेहरा पुढे करून वाट बघत होत्या.

"राहू द्या," त्या शेवटी म्हणाल्या, आणि आपला पेला उचलून पाण्यासारखा पिऊन टाकला.