शेळीच्या वाट्याच्या शिव्या

माझी बायको दोन जिवांना शिव्या द्यायची. एक मी, दुसरी तिची काळी शेळी. बायको गेली तेव्हा मी रडलो न्हाय, आणि शेळीनं खायचं सोडलं. दहावा झाला, तेरावा झाला. शेवरीचा पाला टाकला, बाभळीच्या शेंगा टाकल्या. शेळी आपली भिंतीकडं तोंड करून बसलेली. भावजय म्हणाली, मरायच्या आत कळंबच्या बाजाराला न्या, नुसती हाडं कोण घेईल. तिचं खोटं नव्हतं. पण बायकोच्या हातचं जित्तं असं घरात तेवढंच उरलं होतं.

त्यातच डॉक्टरबाई आल्या. बाई म्हणजे जनावरांच्या मोठ्या शास्त्रज्ञ. पहिल्यांदा आल्या तेव्हा नोकरी नवी होती. शेळी धरायला गेल्या की शेळीच त्यांना ओढत न्यायची. मान कशी धरायची ते माझ्या बायकोनं शिकवलं, तवापासनं त्या तिला मामी म्हणायच्या. पुढं शेळ्यांच्या मरीवरच्या लशीचं काम त्यांनी धरलं, परदेशात जाऊन भाषणं द्यायला लागल्या. लस किती वर्षं टिकते ते बघायला आमच्या काळीच्या कानात पिवळा बिल्ला मारला आणि दर सहा महिन्यांनी येऊन तिचं रक्त न्यायच्या. गरिबाची शेळी जगली तर जगाला खायला मिळंल, असं त्यांचं म्हणणं. आणि जगाच्या जेवणाची काळजी करणारी ही बाई आमच्या दारात दर वेळी उपाशी यायची. येडशीला रेल्वेतनं उतरायची ती नुसत्या चहावर. बायको आधी भाकरी वाढायची, मगच शेळी धरू द्यायची.

या वेळी वाढणारी नव्हती.  बाईंनी शेळीचे डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं, ताप मोजला. रोग कसलाच न्हाय म्हणाल्या. पण अशीच राहिली तर आठवडा काढायची न्हाय, आणि उपाशी जनावराचं रक्त त्यांच्याही कामाचं न्हाय. इतक्या वर्षांची मेहनत तिथंच तुटायची.

मग विचारलं, मामींचं एखादं लुगडं राहिलंय का.

लुगडी सगळी वाटून झाली होती. एक तेवढं शेळीच्या खोपटात खुंटीला होतं, शेण काढताना नेसायची ते. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"नेसा, मामा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतायत. तोंडाकडं बघितलं तर बाईंनी वही उघडली होती.

नऊवारी नेसवायला बाईंना येईना, नेसायला मला येईना. ती उभा जन्म माझ्यासमोर वावरली, पण लुगड्याचा कुठला पदर कुठं जातो हे मी कधी धड बघितलं नव्हतं. शेवटी धोतरासारखा कासोटा मारला आणि पदर डोक्यावरनं मिशांपर्यंत ओढला. शेळीनं मान वळवली. वास घेतला. एक पाऊल पुढं आली. मी लाडानं म्हणालो, ये गं माझी बाय, खा. शेळी परत भिंतीकडं.

बाई म्हणाल्या, "मामी तिच्याशी असं बोलायच्या?"

"न्हाय. शिव्या द्यायची."

"मग द्या की."

मला पाठ असलेल्या तिच्या शिव्या सगळ्या मलाच दिलेल्या. दुसऱ्या कुठनं आणू? त्याच काढल्या. "गिळ की मुडद्या. कुणासाठी ठेवलंय? मी मेल्यावर कोण घालणाराय तुला?"

हे ती मला रोज ताटावर म्हणायची.

शेळीनं हातातला पाला ओढला.  पदर तोंडावर होताच, त्यातच तोंड खुपसून बसलो. शेळी चावायची थांबली. बाई हळूच म्हणाल्या, "थांबू नका, मामा."

मग रडत रडतच शिव्या दिल्या. तेवढ्यात भावजय दारात आली. लुगडं नेसून ऊर फुटेस्तोवर रडणारा दीर, पाला खाणारी शेळी आणि भराभरा लिहिणारी शास्त्रज्ञ, एवढं बघून बिचारी आल्या पावली माघारी गेली. बाजाराचं पुन्हा कधी काढलं न्हाय.

काय लिहिलं, मी विचारलं. चारा घालायची पद्धत बदलली, असं लिहिलं म्हणाल्या.

रक्त घ्यायला त्या चार दिवसांनी परत येणार होत्या. घरात माझ्या हातची करपलेली भाकरी होती. ती पुढं ठेवली तर बाई नुसत्या बघत बसल्या. "गिळा की," मी म्हणालो. तेव्हा खाल्ली.

जाताना सांगून गेल्या की लुगड्याचा वास काही दिवसांत उडंल, तवर शेळीची सवय हळूहळू मोडा. आधी सगळं नेसा, मग अर्धं, मग नुसता पदर.

आता काळी अंगानं भरलीय. मी पदराचा फाडलेला तुकडा तेवढा खांद्यावर टाकतो. शिव्या मात्र दोन्ही वेळंला पुऱ्या द्याव्या लागतात.