दलदलीतल्या फळ्या

वीकेदाल गावात गुनवोरच्या तोंडावर तिचं कौतुक करायची सोय नव्हती. केलंच कुणी, तर ती खिडकीबाहेर बघायची आणि विचारायची, "कॉफी घेणार की निघालात?" तरी कान तेवढे लाल व्हायचे, आणि ते गावाला बरोबर दिसायचे.

कौतुक करण्यासारखं काय होतं, तर वाट. गावाच्या वरच्या कुंपणापासून खिंड ओलांडून स्टाइनबू या मुक्कामाच्या लाकडी घरापर्यंत चौदा किलोमीटरची डोंगरवाट आहे. त्या वाटेवर दगडादगडावर लाल रंगात टी हे अक्षर काढलेलं असतं. एका टीपाशी उभं राहिलं की पुढचा दिसलाच पाहिजे, मग धुकं असो नाहीतर पाऊस, हा गुनवोरचा नियम. चौतीस वर्षं दर जूनमध्ये ती रंगाचा डबा, तारेचा ब्रश आणि दोन कुंचले घेऊन वर जात होती. हे काम तिला कुणी पगार देऊन लावलं नव्हतं. तिकडे गावाची कामं सगळे मिळूनच करतात. कुणी लाकडी पूल बघतं, कुणी स्टाइनबूसाठी सरपण फोडून ठेवतं. गुनवोरनं दगड घेतले होते.

उरलेलं वर्ष ती शाळेची बस चालवायची. मागच्या बाकावर दंगा झाला की ती बोलायची नाही, नुसती आरशात बघायची. आज गावातले निम्मे बापे आणि बाया त्या आरशात वाढलेले आहेत, त्यामुळे चाळिशी ओलांडली तरी तिच्यापुढे कुणाचा आवाज चढत नाही. चौतीस वर्षांत तिच्या वाटेवर एकही माणूस हरवला नव्हता. ही गोष्ट ती स्वतः कधीच बोलली नाही, पण दुसऱ्या कुणी काढली आणि आकडा चुकीचा सांगितला, तर तो मात्र लगेच दुरुस्त करायची.

आता तिला सत्तरावं लागलं होतं आणि डावा गुडघा साथ देईना. नाताळच्या जेवणावर तिनं मुलीला, तुरीडला, सरळ सांगितलं होतं, "पुढच्या वर्षापासून वाट तू बघ." तुरीड दोन तासांवरच्या शहरात शिक्षिका. आईसारखीच उंच, आईसारखीच कमी बोलणारी. ती म्हणाली, "बघू." ईस्टरला विचारलं, तेव्हाही "बघू." जून आला, गुनवोर लंगडत लंगडत एकटीच दगड रंगवून आली, तरी "बघू"च. गिर्यारोहण संघाचं पत्र येऊन पडलं होतं: वाटेची जबाबदारी घेणारं कुणी नसेल, तर पुढच्या वर्षी ती नकाशावरून काढावी लागेल. गुनवोरनं ते पत्र ब्रेडच्या डब्याखाली सरकवून ठेवलं होतं आणि रोज सकाळी ब्रेड काढताना तिला ते दिसायचं. मुलीपुढे हात पसरणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण मनातून ती धास्तावली होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात घरची आणि मैत्रीतली माणसं मिळून स्टाइनबूला तीन दिवस जायची, ही त्यांची जुनी रीत. या वर्षी पाचजण निघाले. गुनवोर, तुरीड, तुरीडचा नवरा एस्किल, शेजारची हेर्दिस आणि तिचा नवरा माग्ने. माग्नेनं उभा जन्म फेरीबोटीवर काढला होता आणि तो दिवसाला साधारण वीस वाक्यं बोलायचा. एस्किल ऑस्लोचा, या वाटेवर पहिल्यांदाच आलेला. तो एका वाक्यात तेवढं बोलायचा.

"सासूबाई, माझ्या घड्याळात उंची, तापमान, नाडी, सगळं दिसतं," कुंपणाचं फाटक लावता लावता तो म्हणाला.

"पाऊस येणार का ते दिसतं?"

"चाळीस टक्के."

"मला गुडघ्यात दिसतो. येणार नाही," गुनवोर म्हणाली आणि चालायला लागली.

आणि खरंच आला नाही. ओढ्याच्या काठी बसून त्यांनी पावावर तपकिरी चीज लावून खाल्लं, हेर्दिसनं सुकवलेल्या मटणाच्या कापट्या वाटल्या, एस्किलच्या नव्या कोऱ्या बुटांवरून त्याची मनसोक्त खेचली. खिंड ओलांडताना प्रत्येक टीपाशी गुनवोर अर्धा क्षण थांबत होती. रंग नीट बसलाय ना, एवढंच बघायचं, असं दाखवत होती. खरं तर ती मुलीकडे बघत होती. तुरीड टीकडे बघत होती, पण काही बोलत नव्हती.

खिंडीपलीकडे दलदल लागते.

तिथली जुनी वाट अकरा वर्षांपूर्वी हिमकडा कोसळून गेली. त्याच वसंतात गुनवोरचा नवरा आर्नफिन गेला. जूनमध्ये ती नवऱ्याचा कोट घालून एकटी वर गेली आणि तीन दिवस धुक्यात राहून तिनं तेवढ्या तुकड्याची नवी वाट आखली. तेव्हा खाली घट्ट बर्फ होता, पाय रोवून चालता येत होतं. ऑगस्टमध्ये बर्फ वितळला आणि खाली पोटरीभर चिखल निघाला. "दुसरा मार्गच नाही. वर कडा आहे," असं गुनवोरनं त्या वर्षी जाहीर केलं. ती असं म्हणाली म्हटल्यावर विषय संपला. पुढे तीन वर्षांपूर्वी माग्नेनं त्या चिखलावर फळ्या टाकल्या. बोटघर दुरुस्त करताना उरल्या होत्या, म्हणाला.

दलदलीच्या तोंडाशी एस्किल थांबला. "तुम्ही व्हा पुढे. ऑफिसला एक फोन करायचाय, जरा वर जाऊन रेंज मिळते का बघतो."

"सुट्टीतसुद्धा?" तुरीड म्हणाली.

"दोन मिनिटं गं!"

बाकीचे चौघं फळ्यांवरून निघाले. फळ्या होत्या छत्तीस, पण दलदल त्याहून लांब. मधल्या जागी पाय जायचा तो जायचाच. हेर्दिसचा एक बूट चिखलानं ओढून घेतला, तो काढायला माग्ने गुडघ्यावर बसला. पाऊण तासानं, मोजे पिळत, चौघं स्टाइनबूच्या अंगणात आले, तर घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

आत एस्किल बसला होता. स्टुलावर पाय, पायात कोरडे मोजे, चुलीवर कॉफी. वाफल्सचं पीठसुद्धा कालवून झालं होतं.

"किती वेळ लावलात!" तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही मागे फिरलात की काय."

"तू कुठून आलास?" गुनवोरनं विचारलं.

"वरून. कड्याच्या पोटाशी मस्त वाट आहे, एकदम कोरडी. फोन लागला नाही, पण वाट लागली! आणि सासूबाई, चांगली मळलेली पायवाट आहे हो. शेकडो माणसं गेली असतील. मला कळत नाही, आपण खाली त्या चिखलात कशाला..."

तुरीडनं त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं वाक्य तिथंच तुटलं. ऑस्लोची माणसं वाईट नसतात, फक्त त्यांना गप्प कधी बसायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. हेर्दिस घाईघाईनं वाफलच्या तव्याकडे वळली. माग्नेनं बुटाच्या नाड्यांत डोकं घातलं.

"मळलेली," गुनवोर म्हणाली. "कुणी मळली?"

"अगं, मीच जाते कधीमधी," हेर्दिस पाठमोरीच म्हणाली. "माझी बेरी वेचायची जागा आहे ना ती. म्हणून कुणाला बोलले नाही."

"कोणती बेरी?"

"निळी."

"हेर्दिस, निळी बेरी तुझ्या संडासामागेही उगवते. ती कधीपासून लपवायला लागलीस?"

हे खरं होतं. त्या भागात माणूस पिवळ्या बेरीची जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही, पण निळ्या बेरीचं कुणी गुपित करत नाही. हेर्दिसला चांगलं खोटं कधी जमलंच नव्हतं.

गुनवोर बाकावर बसली. ओले मोजे तसेच होते. "माग्ने, तू सांग. गाव तिथून जातं?"

माग्नेनं नाडी सोडली. "जातं."

"कधीपासून?"

"त्याच ऑगस्टपासून."

"आणि मी बरोबर असले की?"

"तू बरोबर असलीस की खालून."

चुलीत लाकूड तडतडलं. एस्किलला आता कळलं होतं आणि त्याचे कोरडे पाय त्यालाच नकोसे झाले होते.

"मग त्या फळ्या कुणासाठी टाकल्यास? कुणी जातच नाही तिथून, तर?"

"तुझ्यासाठी," माग्ने म्हणाला. "तुझा गुडघा दुखायला लागला होता."

"बोटघराच्या उरल्या होत्या म्हणालास."

"उरल्या नव्हत्या. कापून आणल्या. आम्ही सातजण होतो. दोन खेपा झाल्या."

गुनवोरचा आवाज चढला. बसमध्येही तिनं तो कधी चढवला नव्हता. "सातजण! खिंड चढून, पाठीवर फळ्या बांधून, दोनदा! अरे, पण एक वाक्य बोलायला काय झालं होतं? गुनवोर, तू चुकलीस. संपलं! एवढं जड होतं ते?"

माग्नेनं खरोखर विचार केला. मग म्हणाला, "फळ्या हलक्या होत्या."

ती उठली आणि दार लावून बाहेर गेली.

अंगणात ती बराच वेळ सरपणाच्या ढिगाशी उभी होती. लाज वाटली तिला. अकरा वर्षं आपण मान ताठ करून सगळ्यांना चिखलातून नेलं, आणि मागून येणारा प्रत्येकजण मनात काय म्हणत असेल! रागही आला, गावाचा आणि स्वतःचाही. परकी माणसं, नकाशावर भरवसा ठेवून येणारी, तीही अकरा वर्षं चिखल तुडवत होती. आर्नफिन असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, बये, जरा वर चढून बघ. धुक्यात वर चढून बघायचं तर खाली खुणेपाशी उभं राहायला दुसरं माणूस लागतं. त्या जूनमध्ये ते नव्हतं.

तुरीड बाहेर आली. हातात कोरडे मोजे.

"तुलाही माहीत होतं," गुनवोर म्हणाली.

"हो."

"एवढी शिकवतेस पोरांना, आणि आईला सांगता आलं नाही?"

"आई, बाबा गेल्यावर तू सात आठवडे कुणाशी धड बोलली नव्हतीस. वर जाऊन आलीस आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर जेवलीस. पहिली वाट आखली मी, म्हणालीस. एरवी सगळ्या वाटा जुन्या माणसांच्या होत्या. तेव्हा काय सांगणार होते मी?"

गुनवोर ओले मोजे काढायला लागली.

"आणि मग दरवर्षी ते आणखी अवघड होत गेलं," तुरीड म्हणाली.

"म्हणून बघू, बघू?"

"वाट घेतली तर मला ती चुकीची ठेवता येणार नाही. कुणाचाही पाय विनाकारण भिजला तर मला झोप लागणार नाही, तुझ्यावरच गेलेय मी. पण तुझ्या हातचे टी पुसायला माझा हात उठत नव्हता. मग काय म्हणणार? बघू."

गुनवोरनं मुलीकडे नीट बघितलं. ही पोरगी आळशी आहे, शहराची झाली, डोंगर विसरली, असलं काय काय तिनं आठ महिने मनात घोळवलं होतं. आणि ही तर वाटेच्या बाबतीत तिच्याहून कडक निघाली. एवढं तर आर्नफिनलासुद्धा तिनं कधी सांगितलं नसतं, पण त्या क्षणी तिला आपल्या लेकीचा अभिमान वाटला, इतका की लाज कुठल्या कुठे गेली.

"पुसायचं काम माझं," ती म्हणाली. "मी घाण केली, मीच काढणार. तू वर जा आणि नवे काढ. रंगाचा डबा पिशवीत असतोच."

"उद्या?"

"मग काय, ख्रिसमसला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माग्ने आणि एस्किल तुरीडबरोबर वर गेले. गुनवोर हेर्दिसला घेऊन खाली उतरली आणि तारेच्या ब्रशनं दगड घासायला बसली. एकोणीस टी होते. अकरा वर्षं दरवर्षी रंगाचा नवा थर दिलेला, तो सहजी निघत नव्हता. "चांगला रंग लावलास गं," हेर्दिस धापा टाकत म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की हेर्दिसला फळीवर बसावं लागलं.

"या फळ्यांचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"हात लावायचा नाही कुणी," गुनवोर म्हणाली. "माझ्या आहेत त्या."

दुपारी ती दलदलीच्या तोंडाशी, जिथून नवी वाट वर वळते तिथं, दगडावर पाय पसरून बसली होती. वर कड्याच्या पोटाशी तुरीड वाकलेली दिसत होती. एक टी काढायची, मागे यायची, आधीच्या टीपाशी उभी राहून बघायची, मान हलवायची आणि एस्किलला दहा पावलं पुढे पिटाळायची. "अजून डावीकडे! धुक्यात दिसणार नाही तिथून!" तिचा आवाज खालपर्यंत येत होता. बिचारा एस्किल रंगाचा डबा धरून पळत होता आणि घड्याळाकडे बघायची त्याची शामत नव्हती.

खिंडीकडून एक जोडपं उतरलं, पाठीवर मोठाल्या पिशव्या घेतलेलं. घासलेल्या दगडापाशी ती दोघं घुटमळली.

"स्टाइनबूला हीच वाट ना?" बाईनं विचारलं.

"वरून जा," गुनवोर म्हणाली. "कोरडी आहे. रंग मात्र ओला आहे, हात लावू नका."

त्यांनी आभार मानले आणि दोघं चढायला लागली. आपल्या माणसांबद्दल परक्याजवळ बढाई मारायची तिकडे रीत नाही, आणि गुनवोरनं सत्तर वर्षांत ती मोडली नव्हती. दोघं वीसेक पावलं गेली असतील, तशी ती दगडावरून उठून उभी राहिली.

"माझ्या मुलीनं काढलेत ते!" ती मोठ्यानं ओरडली. "पुढच्या जूनपासून सगळी वाट तिची आहे!"

दोघांनी वळून बघितलं, मग पहिल्या टीकडे बघितलं. बाईनं हात उंचावला. गुनवोर खाली बसली आणि काही झालंच नाही अशी गुडघा चोळत राहिली.