चिंचोक्याची खळ आणि माझे केस

हसा खुशाल, पण चहा सांभाळून प्या. माझ्या केसांचं मी स्वतःच्या हातानं कसं मातेरं केलं, ते आज सांगूनच टाकते.

मी सांगलीची. केस जन्मजात कुरळे, कंगव्याचे दात मोडतील असे. त्या काळी लांब, सरळ केसांची नुसती हवा होती. माण तालुक्यातल्या एका गावाहून पाहुणे मला बघायला येणार म्हटल्यावर वहिनीनं केस सरळ करायचं मुंबईचं औषध काढलं. वास असा, की आईनं देवघराचं दार लावून घेतलं. पण केस झाले सरळ. पाहुण्यांतल्या आत्याबाईंनी रिवाजाप्रमाणे वेणी सोडायला लावली, केस हातात धरून पाहिले आणि "लय झ्याक" म्हणाल्या. लग्न ठरलं.

खरी पंचाईत पुढेच. लग्नानंतर हे लगेच मुंबईला गोदीत कामावर गेले आणि मी माणात, सासू-सासऱ्यांपाशी राहिले. औषध संपलं. मुळाशी कुरळे केस डोकावायला लागले. यांनी पसंत केले होते सरळ केस. सुट्टीला आले आणि म्हणाले, फसवलंत, तर? नव्या नवरीनं करायचं काय? गावात तांब्यात निखारे भरून कपड्यांना इस्त्री करत. मी तोच तांब्या चोरून केसांवर फिरवायला लागले. आधीच औषधानं मेलेले केस, त्यात हा चटका. परातीत केस, अंथरुणात केस.

एक दिवस सासूबाईंनी माझ्या वेणीचा शेंडा हातात धरला. तो हातातच राहिला.

"काय लावतीस गं डोस्क्याला?"

"काही नाही. पाणी बाधलं असेल."

"पान्याला कशाला नावं ठिवतीस? उद्या जवस शिजवून देते. चोळ आन् बस उन्हात. लोण्यावानी व्हत्यात केस."

मला फार वाईट वाटलं. खोटं बोलणार मी, आणि काळजी करणार ती बाई.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं हे यायचे होते. सकाळी सासूबाई मेंढरांमागं गेल्या. सासरे मागच्या छपरात घोंगडीचा माग लावत होते. चुलीपाशी बघते तर पातेलंभर कोमट, चिकट, दाट असं काहीतरी तयार. म्हटलं, जवस शिजवून ठेवलंयसुद्धा, सुनेवर केवढा हा जीव. मी ते मुळापासून शेंड्यापर्यंत थापलं, उरलेलं पुन्हा थापलं आणि अंगणात उन्हात जाऊन बसले.

थोड्या वेळानं मान वळवली. मान वळली, केस वळेनात.

तेवढ्यात सासरे आले. त्यांनी रिकामं पातेलं बघितलं, मग मला बघितलं.

"सूनबाई, खळ कुटं गेली?"

"कसली खळ, मामंजी?"

"चिंचोक्याची. घोंगडीचं सूत ताठ ऱ्हावं म्हून लावतो ती."

अहो, ती घोंगडी पन्नास पावसाळे काढते. माझ्या केसांचं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा.

सासूबाई आल्या. आधी पदर तोंडाला लावून पोटभर हसल्या, मग पाणी तापवलं आणि बट न् बट सोडवायला बसल्या. जळकी टोकं त्यांनी मेंढरं कातरायच्या कातरीनंच उडवली. उरले ते आखूड, कुरळे, माझे खरे केस. आणि नेमके तेव्हाच हे पिशवी घेऊन दारात.

आता लपवायला डोक्यावर उरलं होतं काय? मी रडत रडत बोलून गेले, "माझे केस असेच आहेत. तुम्ही बघायला आलात तेव्हाचे सरळ केस खोटे होते."

हे गोंधळले. "मी कवा बगितले तुजे केस?"

"बघायच्या कार्यक्रमात. आत्याबाईंनी वेणी नाही का सोडायला लावली?"

"समोर तुजा बाप, शेजारी माजा बाप. मान कोन वर करतंय? मी आपले तुजे पाय बगितले. पाय लय आवडले, म्हून व्हय म्हनलो."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. सासूबाई पुन्हा पदराआड गेल्या.

इतके दिवस ज्या माणसासाठी मी केसांना चटके दिले, त्याला केसांचा पत्ताच नव्हता. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण तो टिकला किती? माझी नजर खाली गेली तेवढाच वेळ. माणची कोरडी माती, दिवसभर अनवाणी चालणं, आणि केसांच्या नादात ज्यांना तेलाचं बोटसुद्धा लावलं नव्हतं त्या भेगाळलेल्या टाचा. मी दोन्ही पाय गपकन लुगड्यात ओढून घेतले.